दगडावर किती लिहायचं: एका स्थानिक स्मारकाची प्रक्रिया

नागरी हक्क आणि मानसिक आरोग्य या दोन्ही चळवळींत काम केलेल्या एका कार्यकर्तीचं स्थानिक स्मारक उभारण्याचं काम आमच्या गटानं हाती घेतलं आणि पूर्ण केलं. स्मारक छोटं आहे. एक उभी ग्रॅनाइटची शिळा, तिच्या बाजूला तिरका माहितीफलक, दोन बाकं आणि तिथवर जाणारी पायवाट. त्यातलं दगडाचं काम सगळ्यात सोपं निघालं. वेळ गेला तो संमती, मजकूर आणि जागा या तीन गोष्टींत. असं काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते कसं केलं आणि कुठं, का अडतं, ते इथं लिहितो आहोत.

सर्वांत आधी, स्मारक म्हणजे दगडच हवा का, हे ठरवून घ्यावं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकार्ड यांना १८६० मध्ये नवऱ्यानं वेडी ठरवून जॅक्सनव्हिलच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. नवऱ्याचं म्हणणं आणि अधीक्षकाची संमती एवढ्यावर बायकोला दाखल करता येत होतं. त्या तीन वर्षांनी बाहेर आल्या, १८६४ मध्ये कॅन्काकीत ज्यूरीनं त्यांना शहाणं ठरवलं, आणि पुढचं आयुष्य त्यांनी असे कायदे बदलून घेण्यात घालवलं. त्यांना डांबून ठेवणाऱ्या इस्पितळाचे अधीक्षक होते अँड्र्यू मॅकफार्लंड. त्यांचं नाव पुढं स्प्रिंगफील्डच्या सरकारी मनोरुग्णालयाला मिळालं होतं. २०२३ मध्ये राज्यानं ते काढून पॅकार्ड यांचं नाव दिलं. या स्मारकाला एकही दगड लागला नाही, आणि आमच्या मते इतकं नेमकं स्मारक क्वचितच झालं असेल. दुसरं उदाहरण इटलीतल्या ट्रिएस्टेचं. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझाल्या संचालक असताना १९७३ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयात रुग्ण आणि कलाकारांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा ‘मार्को कावाल्लो’ नावाचा प्रचंड निळा घोडा बनवला आणि मिरवणुकीनं शहरात नेला. तो दारातून मावेना म्हणून दाराची चौकट तोडावी लागली. १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्यानं इटलीतली मनोरुग्णालयं बंद करण्याचा मार्ग खुला केला, आणि तो घोडा आजही त्या चळवळीची खूण म्हणून ओळखला जातो.

म्हणून आधी पर्याय कागदावर मांडावेत: रस्त्याचं किंवा इमारतीचं नाव, वार्षिक व्याख्यान, शिष्यवृत्ती, कागदपत्रांचा संग्रह, आणि मग शिळा. कागदपत्रांचा संग्रह तर शिळेसोबत करावाच. इस्पितळातून बाहेर पडलेल्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या जूडी चेंबरलिन (१९४४-२०१०) यांची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. पत्रं, पत्रकं, सभांची इतिवृत्तं नीट ठेवली गेली तर शिळेवर सगळं कोंबायचा मोह आपोआप कमी होतो.

समिती. निम्म्याहून जास्त सदस्य मानसिक आजाराचा किंवा इस्पितळाचा स्वतः अनुभव घेतलेले असावेत. अपंग हक्क चळवळीची घोषणाच आहे, आमच्याविना आमच्याबद्दल काही नको. त्यात तत्त्व आहेच, पण रोखठोक उपयोगही आहे: मजकुरातली दया, अतिशयोक्ती आणि चुकीची वैद्यकीय भाषा याच सदस्यांच्या नजरेत आधी भरते. बाकीच्यांना ती गोड वाटते. मात्र या सदस्यांना नुसतं बोलावून भागत नाही. प्रत्येकासाठी पर्यायी सदस्य आधीच नेमावा, म्हणजे तब्येतीमुळे कुणी काही महिने बाहेर राहिलं तरी जागा जात नाही आणि कुणाला कारण सांगावं लागत नाही. बैठकीचे कागद निदान आठवडाभर आधी जावेत. बैठक दीड तासाच्या पुढं जाऊ नये, मधे विश्रांती असावी. वास्तुविशारदाला मानधन आणि आजाराचा अनुभव घेतलेल्या सदस्याला फक्त चहा, असं होऊ नये. दोघांच्याही वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत.

कुटुंबाची संमती एकाच कागदावर घेतली की पुढं भांडणं होतात. आम्ही तीन वेगळे कागद केले: नाव आणि छायाचित्र वापरण्याची परवानगी, मजकुराला मान्यता, आणि आजाराच्या उल्लेखाला मान्यता. तिसरा कागद सगळ्यात नाजूक. नातेवाईकांपैकी एकाला आजाराचा उल्लेख नको असतो, दुसऱ्याला तोच हवा असतो. अशा वेळी आम्ही एकच कसोटी लावली: त्या व्यक्तीनं हयातीत, स्वतःच्या नावानं, जाहीरपणे जे सांगितलं तेवढंच स्मारकावर येईल. भाषण, छापील लेख, मुलाखत किंवा न्यायालयातलं प्रतिज्ञापत्र यांतलं चालेल. खाजगी पत्र, डायरी, डॉक्टरांचे कागद यांतलं नाही, मग ते कितीही प्रेरणादायी असो. ज्या व्यक्तीनं रुग्णाच्या खाजगीपणासाठी लढा दिला, तिच्याच केसपेपरातली ओळ दगडावर कोरणं हा तिचा अपमान आहे. छायाचित्राच्या बाबतीत लक्षात ठेवायचं की घरात फोटो असला तरी त्याचा हक्क बहुधा छायाचित्रकाराचा असतो. ती परवानगी वेगळी मागावी लागते. वारसांत एकमत झालं नाही तर अंतिम शब्द कुणाचा, हेही सुरुवातीलाच लिहून सह्या घ्याव्यात.

कुणाच्या गोपनीयतेसाठी काय झाकायचं, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सच्या मनोरुग्णालयाची दफनभूमी पाहावी. तिथं थडग्यांवर नुसते आकडे होते. पॅट डीगन आणि इतर माजी रुग्णांनी झुडपांत हरवलेली ती जागा साफ करून घेतली, नोंदी शोधल्या आणि मृतांना त्यांची नावं परत मिळवून दिली. आकड्यांनी तिथं माणसं पुसली होती. केसपेपर मात्र जिवंतपणी झाकायचा तसाच मृत्यूनंतरही झाकायचा. या दोन गोष्टींत गल्लत झाली की समिती एक तर सगळंच उघडं करते किंवा सगळंच लपवते.

आता मजकूर. शिळेवर साठ ते ऐंशी शब्द, त्याहून जास्त नाही. उभ्यानं वाचणारा माणूस तेवढंच पुरतं वाचतो. माहितीफलकावर अडीचशेपर्यंत शब्द चालतात. शिळेवर जाईल ते कायमचं आणि फलकावर जाईल ते बदलता येणारं, अशी विभागणी केली की वाद निम्मे होतात. नाव, जन्म आणि मृत्यूची वर्षं, केलेलं काम आणि त्यांचं स्वतःचं एक वाक्य शिळेवर. लढ्यांचा तपशील, कायद्यांची नावं, संस्था, सहकारी हे फलकावर. कायदे बदलतात, संस्थांची नावं बदलतात, आणि आजची आदराची भाषा उद्या खटकू शकते.

भाषा जुनी होते याचा पुरावा बाल्टिमोरमध्ये ओतलेल्या घंटेवर आहे. अमेरिकेतल्या मानसिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या इस्पितळांतून रुग्णांना जखडायच्या साखळ्या आणि बेड्या गोळा केल्या आणि १९५३ मध्ये मॅकशेन यांच्या घंटा ओतायच्या कारखान्यात त्या वितळवून ३०० पौंडांची, म्हणजे साधारण १३६ किलोंची घंटा केली. कल्पना आजही तितकीच ताकदीची आहे. पण घंटेवरच्या ओळी आजारी माणसांसाठी आशेची आणि आजारावर विजयाची भाषा बोलतात, हक्कांची नाही. १९५३ मध्ये ते स्वाभाविक होतं. आज लिहिणाऱ्यानं एवढं शिकावं की कायमच्या धातूवर निदानाचं नाव, उपचारपद्धतीचं नाव आणि त्या काळातली सन्मानदर्शक विशेषणं टाळायची. क्रियापदं टिकतात. ‘जबरदस्तीनं दाखल करण्याविरुद्ध न्यायालयात गेल्या’ हे वाक्य पन्नास वर्षांनीही तेच सांगेल.

मसुद्यांत हमखास येणाऱ्या तीन गोष्टी आम्ही काढल्या. ‘आजारावर मात करून’ हा शब्दप्रयोग पहिला. ज्यांना आयुष्यभर आजारासोबत जगायचं आहे त्यांना तो हरलेले ठरवतो, आणि बहुतेक वेळा तो खोटाही असतो, कारण काम आणि आजार सोबतच चाललेले असतात. दुसरी, व्यक्तीला आवाज नसलेल्यांचा आवाज म्हणणं. त्या लोकांना आवाज होता, ऐकणारं कुणी नव्हतं. तिसरी, कर्ता गाळणारी वाक्यं. ‘त्यांना अनेक अडचणींना सामोरं जावं लागलं’ यात कुणी काय केलं हे गायब होतं. कायद्यानं काय होऊ दिलं, कुठल्या पद्धतीचे उपचार संमतीशिवाय दिले जात, मतदानाचा किंवा मालमत्तेचा हक्क कसा काढून घेतला जाई, हे साधेपणानं लिहावं. टोरांटोत क्वीन स्ट्रीटवरच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या भिंती १८६० मध्ये आणि नंतर १८८८-८९ मध्ये रुग्णांनी बांधल्या, आणि त्या कामाचा त्यांना एक पैसाही मिळाला नाही. २०१० मध्ये त्या भिंतींवर नऊ फलक बसवले गेले, आणि रुग्णांनी बिनपगारी केलेलं हे श्रम त्यांचा विषय आहेत. तिथं नवीन काही उभारलंच नाही, उभ्या असलेल्या विटांवर कुणाचा हक्क आहे एवढं सांगितलं.

एकट्या व्यक्तीचा उदोउदो किती करायचा, हाही मजकुराचाच प्रश्न. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर पत्रकार नेली ब्लाय यांचं स्मारक २०२१ मध्ये उघडलं. ब्लाय १८८७ मध्ये वेडाचं सोंग घेऊन तिथल्या महिलांच्या मनोरुग्णालयात शिरल्या आणि आतली स्थिती त्यांनी वर्तमानपत्रातून मांडली. शिल्पकार अमांडा मॅथ्यूज यांनी त्यांच्या चेहऱ्यासोबत इतर चार स्त्रियांचे भव्य चेहरे ओतले. आमच्याकडे शिल्पाचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून फलकाचा खालचा तिसरा हिस्सा सहकाऱ्यांच्या कामाला दिला. जिवंत सहकाऱ्यांची नावं मात्र त्यांच्या लेखी होकाराशिवाय घालू नयेत. आपण या चळवळीत होतो हे शेजाऱ्यांना किंवा मालकाला कळू नये असं वाटणारी माणसं आजही आहेत.

मृत्यू आत्महत्येनं झाला असेल तर नियम कडक आहेत. पद्धत आणि ठिकाण कुठंच लिहायचं नाही, मृत्यूच्या जागी कायमचं स्मारक करायचं नाही, आणि मृत्यूला त्याग किंवा सुटका म्हणायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पत्रकारांसाठी केलेल्या सूचनांत हाच विचार आहे, कारण तपशील आणि गौरव या दोन्हींमुळे संकटात असलेल्या वाचकाला धोका वाढतो. फलकावर मदतीचा क्रमांक द्यायचा असेल तर तो छोट्या, स्वतंत्र, बदलता येईल अशा पट्टीवर द्यावा. बंद पडलेला मदत क्रमांक दगडावर कोरून ठेवण्यापेक्षा नसलेला बरा.

तारखा पडताळताना निदान दोन स्वतंत्र कागद हवेत. श्रद्धांजलीचे लेख एकमेकांवरून उतरवलेले असतात, त्यामुळे पाच लेखांत एकच साल आलं तरी तो एकच पुरावा धरायचा. जन्मनोंद, शाळेचा दाखला, न्यायालयाचे कागद, सभेची छापील पत्रिका हे वेगळे पुरावे. साल पक्कं होत नसेल तर ते शिळेवर घालूच नये. ‘पहिल्या’ हा शब्द तर शक्यतो टाळावा. कुणीतरी आधीची निघतेच.

देवनागरी कोरताना जे घोटाळे होतात त्यांच्याबद्दल फारसं कुठं लिहिलेलं आढळत नाही, म्हणून इथं सविस्तर. मजकूर आपण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या आजच्या सामायिक अक्षरपद्धतीत, टाइप करतो. कोरणाऱ्याकडे बहुतेक वेळा जुन्या पद्धतीचे फॉन्ट आणि स्टेन्सिल कापायचं जुनं सॉफ्टवेअर असतं. मधल्या रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी एक अक्षर पुढं किंवा मागं सरकते, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. सगळ्यात फसवा घोटाळा ‘दुसऱ्या’, ‘लढणाऱ्या’ यांसारख्या शब्दांतल्या अर्ध्या ‘र’चा. काही कळफलक तो ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून बनवतात. प्रत काढताना ते अदृश्य चिन्ह गळलं की रफार होऊन ‘दुसर्या’ असं कोरलं जातं. नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ वापरून टाइप केलं तर हा धोका नाही. शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. अनेक फॉन्टमध्ये भाषा मराठी म्हणून निवडल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि नंतर कुणी ना कुणी विचारतंच की अक्षरं परकी का वाटतात.

उपाय एकच. मजकूर फॉन्टच्या स्वरूपात कोरणाऱ्याला द्यायचाच नाही. मांडणी आपल्याकडे पूर्ण करायची, सगळी अक्षरं बाह्यरेखांत, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकृत्यांत, बदलायची आणि ती फाईल द्यायची. सोबत तीच मांडणी पीडीएफमध्ये. मग कोरणाऱ्याकडून पूर्ण आकाराची, म्हणजे एकास एक मापाची कागदी प्रत मागायची, ती जागेवर नियोजित उंचीला लावायची आणि ज्यानं मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. डोळा सवयीनं चूक ओलांडतो, जीभ अडखळते. शेवटची तपासणी दगडावर चिकटवलेल्या रबरी स्टेन्सिलवर. स्टेन्सिलच्या कापलेल्या जागांतून दगडावर जोरानं वाळू मारून अक्षरं कोरतात, आणि हा वाळूचा मारा सुरू झाला की मागं फिरता येत नाही. चुकलेलं अक्षर भरून काढलं तर दोन पावसाळ्यांत ते उठून दिसतं. खरी दुरुस्ती म्हणजे सगळा पृष्ठभाग काही मिलिमीटर घासून पुन्हा पॉलिश करणं, आणि त्याचा खर्च जवळपास नव्या शिळेइतका होतो.

अक्षरांची उंची: तीन मीटरवरून वाचायला २५ मिलिमीटर, असा रोमन लिपीचा ढोबळ हिशेब आहे. दीड मीटरवर तो साडेबारा होतो. देवनागरीत आम्ही १८ ते २० घेतली, शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजून. जोडाक्षरांच्या पोटातल्या जागा त्याहून लहान आकारात बुजतात. वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असल्यामुळे दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या किमान पावणेदोन ते दोन पट लागतं. वाळूच्या माऱ्यात स्टेन्सिलचे दीड-दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद भाग उडून जातात, म्हणून ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘द्ध’ असलेल्या शब्दांकडे वेगळं पाहावं लागतं. रेषेच्या जाडीत फार फरक नसलेलं, मोकळं वळण निवडावं. कोरणीची खोली दोन ते तीन मिलिमीटर. लेझरनं केलेलं कोरीव काम नुसतं पृष्ठभागावरचं असतं, उघड्यावर आम्हाला ते नको होतं. अक्षरांत रंग भरला तर तो काही वर्षांनी उडतो आणि पुन्हा भरावा लागतो. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला भाग मुळातच फिकट राखाडी दिसतो, त्यामुळे रंगाशिवाय भागतं.

संगमरवर उघड्यावर झिजतो, आम्लयुक्त पावसात अक्षरांच्या कडा गोल होतात. वालुकाश्माचे पापुद्रे निघतात. काशाचा फलक सुंदर दिसतो, पण त्याला वर्षाकाठी मेणाचा हात हवा, पावसाबरोबर हिरवा ओघळ दगडावर उतरतो, आणि धातूच्या किमतीमुळे चोरीची भीती असते. साध्या लोखंडी स्क्रूनं तो बसवला तर दोन धातूंच्या संयोगानं स्क्रू गंजतो. काशाचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच खिळे वापरावेत.

पाया. आमची शिळा १.२ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड. ग्रॅनाइटचं वजन घनमीटरला सुमारे २,७०० किलो, म्हणजे शिळा १९५ किलोच्या आसपास. ही हातानं उचलायची वस्तू नव्हे, तिपाई आणि चेन-पुली लागते. पायाचा ठोकळा १ मीटर × ७० सेंटिमीटर, खोली ५० सेंटिमीटर. त्याला साधारण ०.३५ घनमीटर काँक्रीट आणि पन्नास किलोची तीन पोती सिमेंट लागतं. भुसभुशीत किंवा फुगणाऱ्या काळ्या मातीत खोली वाढवून खाली मुरमाचा थर द्यावा लागतो, आणि जमीन गोठते अशा ठिकाणी पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. शिळा पायाला धरून ठेवायला १६ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन सळ्या, दगडात १५ सेंटिमीटर आणि काँक्रीटमध्ये २० सेंटिमीटर, इपॉक्सीनं बसवलेल्या. साधी लोखंडी सळी गंजून फुगते आणि दगड आतून चिरते. समुद्राजवळ ३१६ प्रतीचं, खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील घ्यावं. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारून मगच शिळा चढवायची. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, तोवर बाजूनं आधार ठेवायचा. कुणाच्याही स्मारकावर मुलं चढणार हे धरून चालायचं आणि त्या भाराचा हिशेब अभियंत्याकडून तपासून घ्यायचा. चौथऱ्याला शिळेपासून बाहेर पन्नासास एक (पन्नास सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर) असा उतार, म्हणजे पाणी पायाशी साचत नाही.

जागेचा वाद दगडाच्या आधी मिटवायला हवा होता, आणि मिटवला. मनोरुग्णालयाचं आवार बहुतेकांना सहज सुचतं. जमीन उपलब्ध असते, परवानगी लवकर मिळते. आम्ही नकार दिला. ज्या दारातून माणसांना जबरदस्तीनं आत नेलं गेलं, ते दार ओलांडल्याशिवाय स्मारक पाहता येणार नसेल तर ज्यांच्यासाठी ते आहे तेच येणार नाहीत. शिवाय संस्थेनं स्वतःच्या आवारात ते उभं केलं की श्रेय संस्थेकडे सरकतं. सार्वजनिक बाग निवडली. तिथं जमीनमालकाची ना हरकत, बांधकामाची परवानगी, आणि खोदण्याआधी जमिनीखालच्या वीज, पाणी, दूरसंचार वाहिन्यांचे नकाशे हे तीन कागद वेगवेगळ्या खात्यांकडून येतात. तिसरा राहून जातो आणि काम सुरू झाल्यावर थांबतं. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून लांब राहावं, मुळं पाया उचलतात आणि पाया खोदताना मुळं तुटतात. देखभाल कुणाची, हे परवानगीपत्रातच लिहून घ्यावं. नंतर कुणी लिहून देत नाही.

वाट १.५ मीटर रुंद ठेवली, म्हणजे चाकाची खुर्ची वळते. उतार बारास एकपेक्षा कडक नको, वीसास एक असेल तर कठडा नसला तरी सोयीचा पडतो. ३० सेंटिमीटर चढ असेल तर बारास एकच्या हिशेबानं ३.६ मीटर लांबी लागते, वीसास एकला ६ मीटर. माहितीफलक तिरका, पुढची कड जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर आणि खाली गुडघ्यांना मोकळी जागा. ब्रेल नेहमी उठावाची असावी. दगडात खोदलेली ब्रेल वाचता येत नाही, तरी ती अनेक ठिकाणी दिसते. ती ‘दिसावी’ म्हणून मोठीही करायची नसते. दोन ठिपक्यांतलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं, बोटाच्या टोकाखाली अख्खं अक्षर मावायला हवं. ब्रेलची धातूची पट्टी सावलीत बसवावी, दुपारच्या उन्हात तिला हात लावता येत नाही. क्यूआर कोड चाळीस सेंटिमीटरवरून वाचायचा तर किमान चार सेंटिमीटरचा हवा, आणि तो चकाकणाऱ्या ग्रॅनाइटवर चालत नाही. तो फलकावरच द्यावा, तोही स्वतःच्या मालकीच्या पत्त्याकडे नेणारा, म्हणजे मागचं पान बदललं तरी कोड बदलावा लागत नाही.

बाकांबद्दल आम्ही अडून बसलो. पुरवठादाराच्या यादीतल्या बहुतेक बाकांना मधोमध लोखंडी हात असतो, कुणी त्यावर झोपू नये म्हणून. बेघर आणि इस्पितळातून बाहेर काढलेल्या माणसांसाठी झगडलेल्या व्यक्तीच्या स्मारकापुढं तसं बाक ठेवणं आम्हाला मान्य नव्हतं. हात हवेत, कारण म्हाताऱ्या माणसांना उठताना त्यांचा आधार लागतो, पण ते दोन्ही टोकांना. मधे मोकळी फळी, १.८ मीटर लांब.

अनावरण साधं ठेवावं. भाषणं तीन, प्रत्येकी पाच-सात मिनिटं, पहिलं अनुभव घेतलेल्या सहकाऱ्याचं. सांकेतिक भाषेचा दुभाषी, गर्दीपासून दूर बसायला शांत कोपरा, आणि कुणाला जुन्या आठवणींनी त्रास झाला तर सोबत बसणारी दोन ठरलेली माणसं. फोटो नको असलेल्यांसाठी वेगळ्या रंगाची फीत ठेवली, त्याची छायाचित्रकारांना आधी कल्पना दिली.

देखभाल हा भाग बहुतेक प्रस्तावांत एका ओळीत उरकलेला असतो. जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या सेंट्रल स्टेट हॉस्पिटलच्या आवारात सुमारे २५,००० रुग्ण पुरलेले आहेत. प्रत्येक थडग्यावर क्रमांकाची लोखंडी खूण होती. गवत कापायला अडचण नको म्हणून त्या हजारोंनी उपटल्या गेल्या, आणि कोण कुठं आहे हे कायमचं हरवलं. १९९७ पासून माजी रुग्णांच्या संघटनेच्या पुढाकारानं त्या जागेचा जीर्णोद्धार झाला आणि उरलेल्या सुमारे दोन हजार खुणा एकत्र उभ्या केल्या गेल्या. त्यात कुणाचा दुष्टावा असण्याची गरज नव्हती. गवत कापणाऱ्याला ती खूण कशाची हे सांगितलेलं नसलं की पुरतं. म्हणून बागेच्या कर्मचाऱ्यांसोबत दरवर्षी एक भेट ठरवली आहे. शिळेभोवती ३० सेंटिमीटर खडीचा पट्टा टाकला, म्हणजे गवत कापायचं यंत्र दगडापर्यंत येत नाही. धुताना साधं पाणी, मऊ ब्रश आणि आम्ल नसलेला साबण. आम्लयुक्त क्लीनर आणि तारेचा ब्रश वर्ज्य. कुणी रंगानं काही खरडलं तर आधी फोटो, नोंद, मग चोवीस तासांच्या आत सफाई, कारण ताजा रंग सहज निघतो आणि तशा शब्दांसमोर लोकांना एक दिवसही उभं राहायला लागू नये.

निधीचा दहावा हिस्सा सुरुवातीलाच देखभालीसाठी वेगळा ठेवला. माहितीफलकाचं आयुष्य उन्हात साधारण दहा वर्षं धरलं आहे. तो बदलताना मजकूर तसाच छापायचा नाही, अनुभव घेतलेल्या सदस्यांपुढं आधी वाचनाला ठेवायचा, असं समितीच्या ठरावात आहे. शिळेची आणि फलकाची बाह्यरेखांतली फाईल, युनिकोडमधला मूळ मजकूर, पायाचा नकाशा, दगडाच्या खाणीचं नाव, तिन्ही संमतीपत्रं आणि ना हरकतीच्या प्रती यांचे दोन संच केले. एक ग्रंथालयात कागदपत्रांच्या संग्रहासोबत, दुसरा बागेच्या कार्यालयात.